सॉल्व्हंटची वाफ मोजायची आहे: पंप लावावा की बॅज?

रंगकाम, छपाई, गोंद लावणं, यंत्राचे सुटे भाग धुणं. जिथे टोल्युइन, झायलीन, थिनर दिवसभर उघड्यावर वापरले जातात, तिथे माणसाच्या श्वासात त्यातलं किती जातं हे मोजायला दोन सोयी समोर येतात. एक, कमरेच्या पट्ट्याला हवा खेचणारा छोटा पंप आणि कॉलरला चारकोल ट्यूब, म्हणजे वाफ धरून ठेवणारा कोळसा भरलेली छोटी नळकांडी. दुसरी, कॉलरला नुसता बॅज, म्हणजे आत तसाच कोळसा असलेली, पंपाविना वाफ टिपणारी छोटी चकती. दोन्ही मी वापरले आहेत आणि निवड करायची वेळ माझ्यावरही आली होती. हातात धरायचा पीआयडी मीटर, म्हणजे अतिनील दिव्याने वाफ ओळखणारं यंत्र, इथे जमेस धरत नाही. गळती कुठे आहे ते तो चटकन दाखवतो, पण वाफ नेमकी कशाची हे सांगत नाही, आणि त्याच्या नेहमीच्या 10.6 ईव्ही ऊर्जेच्या दिव्याला मेथॅनॉल किंवा डायक्लोरोमिथेन दिसतच नाही.

पंपाची बाजू भक्कम आहे, यात वाद नाही. किती हवा खेचली ते आपल्याला माहीत असतं, त्यामुळे हिशेब सरळ. ट्यूबमध्ये पुढच्या कप्प्यात 100 आणि मागच्या कप्प्यात 50 मिलिग्रॅम कोळसा असतो. मागच्या कप्प्यात पुढच्याच्या दहा टक्क्यांहून जास्त रसायन सापडलं तर ट्यूब भरून वाहिली आणि खरा आकडा त्याहून मोठा आहे, हे लगेच कळतं. पंधरा मिनिटांचा कमाल संपर्क तपासायचा असेल, म्हणजे ड्रम ओतताना किंवा टाकी उघडताना, तर मी आजही पंपच घेतो. धूळ, वेल्डिंगचा धूर, रंगाचे तुषार यांच्यासाठी तर प्रश्नच नाही, कारण कण बॅजवर आपणहून येत नाहीत.

मग अडलं कुठे? नळीपाशी.

पंप कमरेला, ट्यूब कॉलरला, आणि दोन्हींना जोडणारी रबरी नळी पाठीवरून वर. ट्यूब नाकातोंडापासून 30 सेंटिमीटरच्या आत हवी, म्हणून नळी लांबच लागते. माणूस धुण्याच्या टाकीवर वाकला की ती काठाला अडकते, वळला की व्हॉल्व्हच्या दांडीत गुंतते. वैतागून तो ती अंगरख्याच्या आत खोचतो, आत ती दुमडते, प्रवाह पडतो आणि पंप बंद होतो. हे कळतं संध्याकाळी. आधीच्या आणि नंतरच्या प्रवाहात पाच टक्क्यांहून जास्त फरक आला की नमुना बाद, आणि त्या माणसाचा दिवस वाया. जेवणाच्या सुट्टीत पंप काढून बाकावर ठेवला आणि परत घालताना ट्यूब कॉलरऐवजी खिशाशी लटकली, हेही पाहिलं आहे. त्यात कामगाराचा दोष नाही. एवढं लटांबर घेऊन कुणालाही सुचेनासं होईल.

पण मला खरी काळजी वाटते ती न बिघडलेल्या नमुन्यांची. रोज टाकीत जवळजवळ डोकं घालून घासणारा माणूस पंप लावलेल्या दिवशी हातभर लांबून घासतो. नळी सांभाळायची असते, शिवाय घरघर त्याला सतत आठवण करून देते की आज मोजमाप चालू आहे. प्रवाह नीट, लॅबचं काम चोख, आकडा कमी. तो कमी आकडा फाइलीत जातो आणि त्याच्या जोरावर एक्झॉस्टची मागणी मागे पडते. इथे माझा कल बदलला.

बॅज लावून अर्धा तास झाला की माणूस तो विसरतो. नळी नाही, बॅटरी नाही, आवाज नाही. वाफ हवेतून आपोआप पसरत (डिफ्यूजनने) कोळशापर्यंत पोहोचते; बॅज ते रसायन किती वेगाने शोषतो हे ठाऊक असलं की कोळशात सापडलेलं रसायन आणि बॅज लावलेली मिनिटं यांवरून सरासरी काढता येते. अडचणी आहेत, लपवत नाही. अगदी कोंदट, हवा हलत नसलेल्या कोपऱ्यात बॅज कमी दाखवतो. सॉल्व्हंटचा शिंतोडा उडाला तर नमुना फुकट, अंगरख्याची झडप बॅजवर आली तरी तेच. शिफ्ट संपताच झाकण घट्ट लावून वेळ लिहिली नाही तर आकड्याला अर्थ उरत नाही. पण या सगळ्या गोष्टी दोन मिनिटांत समजावून सांगता येतात. नळीवर समजावण्याचा उपाय चालत नाही.

आणखी एक गोष्ट मला पटत गेली. एकाच कामावरच्या एकाच माणसाचा संपर्क आज आणि उद्या यांत जेवढा बदलतो, त्यापुढे पंप आणि बॅज यांच्या अचूकतेतला फरक बहुतेक वेळा किरकोळ असतो. म्हणून थोडे नेटके नमुने घेण्यापेक्षा जास्त माणसांचे, वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मला मोलाचे वाटतात. युरोपातल्या ईएन 689 मानकाची 2018 ची आवृत्तीही तसंच वळण घेते: एकसारखं काम करणाऱ्या गटाचे तीन नमुने असतील तर तिन्ही त्या रसायनाच्या कामाच्या जागी ठरलेल्या मर्यादेच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत, चार असतील तर पंधरा, पाच असतील तर वीस. त्यापलीकडे गेलं, पण मर्यादा ओलांडली नाही, की आणखी नमुने घ्या. पंप मोजकेच असतात, बॅज एका सकाळी अख्ख्या गटाला लावता येतात.

कुंपणाबाहेरच्या हवेसाठी तर हा वाद जवळपास मिटलेला आहे. अमेरिकेत 2015 च्या नियमाने तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या हद्दीभोवती बेंझिनसाठी अशाच पंपाविना नळ्या लावायला सांगितलं. दर दोन आठवड्यांनी त्या बदलायच्या, आणि कारखान्यामुळे पडणारी वर्षाची सरासरी भर घनमीटरला 9 मायक्रोग्रॅमच्या वर गेली की कारण शोधून दुरुस्ती करायची. आठवडेच्या आठवडे कुंपणावर पंप चालू ठेवण्याची मला तरी कल्पना करवत नाही.

कातडीतून शरीरात जाणारं रसायन मात्र पंप आणि बॅज दोघांनाही दिसत नाही, हे धरून चाला. थिनरने हात धुण्याची सवय असेल तर हवेचा आकडा कितीही सुंदर आला तरी लघवीची तपासणी वेगळी करावी लागते.

तुमच्याकडे काम पूर्ण शिफ्टचं आणि रसायन नेहमीचं असेल, तर मी बॅजकडे झुकेन. मागवण्याआधी लॅबला एकच विचारा: आमच्या रसायनासाठी शोषणाचा वेग तुम्ही प्रत्यक्ष तपासलेला वापरता की गणिताने काढलेला? नुसता गणिताचा असेल तर पहिल्या फेरीत दोन-तीन माणसांना एकाच कॉलरवर बॅज आणि ट्यूब दोन्ही लावा. आकडे जुळले तर पुढच्या फेऱ्यांना पंप कपाटात राहू द्या.