नवी शंभर की जुनी एकशेसाठ: खाऱ्या हवेतले दहा महिने आणि एक चेनकव्हर

गेल्या रविवारी मेव्हण्याने आमच्या अंगणात आपली मोटारसायकल डबल स्टँडवर लावली, चेनकव्हरचं काळं रबरी बूच नखाने उचकटलं आणि म्हणाला, "भावोजी, जरा बघा." मी वाकून बघितलं. आत चेन तेलाने ओली, काळीभोर. तांबडा ठिपका एक नाही. दहा महिन्यांत त्याने स्वतः त्या चेनीला बोट लावलेलं नाही, सर्व्हिसिंगवाल्याने लावलं असेल तेवढंच. माझ्या गाडीची चेन त्याच वेळी पडवीत डिझेलच्या डबड्यात निजली होती. त्याला ती दिसली. बोलला काही नाही, पण हसला. म्हणून हे लिहायला बसलो.

कंपन्यांची नावं लिहीत नाही. नाव लिहिलं की त्या त्या कंपनीचे भक्त अंगावर येतात, आणि तसं बघितलं तर दोष कंपनीचा कमी, माझ्या हिशेबाचा जास्त. त्याची नवीकोरी शंभर सीसी, त्या मॉडेलातली सगळ्यात खालची: नुसती किक, तारांची चाकं, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. माझी २०१९ ची एकशेसाठ: दोन्हीकडे डिस्क ब्रेक, पुढे एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा), अलॉय, ट्यूबलेस, सेल्फ. एप्रिल २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात दोघांनी घेतल्या. त्याला ऑन रोड ७९ हजार पडले, मला ६१.

मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. गुहागर, मोडकाआगर, पालशेत आणि दिवसाआड शृंगारतळी. रोजचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, पण थांबे साठ-सत्तर. किराणावाला, सलून, भाजीवाली मावशी, परत किराणावाला. शोरूममध्ये त्या खालच्या मॉडेलवर बसून एकच विचार केला: दिवसाला सत्तर किका. मेव्हणा शाळेत क्लार्क आहे, त्याच्या दिवसाला दोन. सेल्फवालं वरचं मॉडेल घ्यायचं तर आणखी सात-आठ हजार, आणि एवढे द्यायचे तर मग जुनी पण मोठीच का नको, अशी ती घसरगुंडी असते. मी घसरलो.

जुनी घ्यायची तर घाटावरची घ्यायची, हे आमच्याकडे लहान पोराला पण माहीत असतं. आपल्याकडची पाच वर्षांची गाडी खालून बघवत नाही. त्यात २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. त्या पाण्यात बुडालेल्या किती गाड्या धुऊन-पुसून परत बाजारात फिरतायत याचा अंदाज कुणी करू नये. सीट उचलायची, टाकीच्या खालच्या बाजूला बोट फिरवायचं, वायरिंगच्या सॉकेटमध्ये वाळलेला गाळ दिसला की चहा पिऊन परत यायचं. मी तसा दोनदा चहा पिऊन परत आलो. तिसरी मिळाली ती एमएच ५०, कराडची. २८ हजार चाललेली, खालून कोरडी ठणठणीत.

आणखी एक: जुनी बघणाऱ्याने एप्रिल २०१९ ही तारीख डोक्यात ठेवावी. १ एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, आणि त्याच तारखेपासून हाय सिक्युरिटी नंबरप्लेट शोरूममधूनच लागून यायला लागली. माझी सप्टेंबर २०१९ ची. म्हणजे ब्रेकही मिळाला आणि प्लेटचे ५३१ रुपयेही वाचले. हे ५३१ मी त्या महिन्यात किती लोकांना ऐकवले असतील, सांगत नाही.

पहिला महिना नुसता लाडाचा गेला. मे महिन्यात मागे हापूसच्या दोन पेट्या बांधून कुंभार्लीने कराडला बहिणीकडे गेलो. माझ्या आधीच्या शंभर सीसीवर त्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रडत जायचो, ट्रकचा धूर खात. ही तिसऱ्यात गुरगुरत गेली, वळणावरून सुटताना चौथा. पाटणपर्यंत मी एकटाच हसत होतो. त्याच दिवशी कराडात नवीन चेनसेट (चेन आणि तिची दोन दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) टाकून घेतला, २१५० रुपये मजुरीसकट. जुना अर्धा झिजलेला होता, म्हटलं पावसाआधी एकदाच करून टाकू. ‘एकदाच’.

मग जून लागला.

ज्यांनी कोकणातला पाऊस पर्यटक म्हणून बघितलाय त्यांना चेनीचं दुःख कळणार नाही. रस्त्यावर जांभ्याची तांबडी माती पेजेसारखी वाहते. मागचं चाक ती उचलून सरळ चेनीवर मारतं. पालशेतच्या बाजूला समुद्र जवळ, वारा असला की चष्म्यावर मीठ बसतं, मग चेनीवर बसत नसेल? स्पोर्टी गाडीला चेनच्या वर एक बोटभर रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी असते. तिला कंपनी चेनगार्ड म्हणते. गणपतीच्या मूर्तीवर रुमाल धरावा तसं ते आहे. आणि मेव्हण्याच्या सगळ्यात स्वस्त गाडीला चारी बाजूंनी बंद पत्र्याची पेटी! मोठी गाडी घेणाऱ्याला चेन दाखवायची हौस असते, असं कंपनीला कुणी सांगितलं देव जाणे.

मॅन्युअलप्रमाणे पाचशे किलोमीटरला चेनीला तेल. पावसात मी दोनशेला द्यायला लागलो. स्प्रेचा डबा संपला, दुसरा आणला, मग हिशेब करून ९० नंबरच्या गिअर ऑइलवर आलो. ऑइल चिकट, त्यावर माती जास्त बसते. माती बसली की दळायला लागते. धुवायला रॉकेल हवं, तर रेशनवरचं रॉकेल बंद होऊन जमाना झाला, म्हणून डिझेल. म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीसाठी मी दर आठवड्याला डिझेल विकत घेत होतो. पंपावरचा पोरगा बाटली भरताना विचारायचा, "काका, होडी घेतलात काय?"

ऑगस्टमध्ये कड्या आखडायला लागल्या. चाक हाताने फिरवलं की चेन एका जागी ताठ, एका जागी ढिली. ताठ जागेवर ताण बरोबर केला तर ढिल्या जागी लोंबते, ढिल्यावर केला तर ताठ जागी कुईं करते. आमचा मेकॅनिक स्प्रॉकेटचे दाते बघून म्हणाला, "दादा, ह्ये दाते नायत, करवत हाय. ही गाडी घाटावरची, तिला समुद्र कुठं म्हायती?" ऑक्टोबरच्या मध्यावर सेट संपला. ५६०० किलोमीटर. कराडचा माणूस म्हणाला होता वीस हजार आरामात जाईल. कराडात जात असेलही.

मधल्या काळात मी स्वतः चेनकव्हर करून बघितलं, कारण मला गप्प बसवत नाही. शृंगारतळीला खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्याकडून पत्रा कापून घेतला, ३५० रुपये. त्याने एक टोक चेसीला पकडलं आणि दुसरं स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला. खड्डा आला की चाकाबरोबर स्विंगआर्म वरखाली होतो, चेसी होत नाही. मोडकाआगरपर्यंत येईतो पत्रा वाकून चेनीला लागला, आणि गावात शिरलो तेव्हा कल्हईवाला आल्यासारखी पोरं बाहेर आली. दुसऱ्या वेळी पोफळीच्या बागेतला तीन इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून केबल टायने खालून बांधला. तो हलला नाही, वाजलाही नाही. फक्त आत गेलेला चिखल बाहेरच येईना. आठवडाभर माझी चेन मातीच्या पन्हळीत फिरत होती. तिसऱ्यांदा ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मागच्या चाकाच्या पुढे पडद्यासारखा लोंबवला, तो अजून आहे. निम्मी माती अडते. दिसायला गाडीने लंगोट लावल्यासारखं दिसतं, पण ते मला चालतं. बायकोला चालत नाही.

आईचं वेगळंच. आधीच्या मालकाने साडीगार्ड काढून टाकलेलं, ‘लुक’साठी. मागच्या सवारीचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून तो गार्ड कायद्यानेच लागतो, पण कायदा लुकच्या मागे. मी नवा बसवला, तरी उघडी चेन बघून आई एकदाही मागे बसली नाही. देवळात जायचं तर मेव्हण्याला फोन. तो येतो, किक मारतो, आई एका बाजूला पाय सोडून बसते आणि जाताना माझ्या गाडीकडे बघते.

इथपर्यंत वाचून वाटेल, नवी शंभरच घ्यायची. मलाही ऑगस्टच्या २५ तारखेपर्यंत तेच वाटत होतं. २७ ला गणपती होते. २६ ला संध्याकाळी वसुली आटपून घरी येत होतो, भुरभुर पाऊस, रस्त्यावर चाकरमान्यांच्या गाड्या. उतारावर पुढच्या गाडीला आपलं घर दिसलं असावं, कारण तिने इंडिकेटर न देता जागच्या जागी ब्रेक मारला. मी पन्नासला होतो. दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले. पुढचं लिव्हर बोटाखाली थरथरलं, मागचं चाक थोडं डावीकडे सरकलं, पण हँडल सरळ राहिलं आणि गाडी त्या डिकीपासून हातभर अंतरावर थांबली. डिकीत मखर होतं. जुन्या ड्रमवाल्या गाडीवर असतो तर पुढचं चाक अडकून मी मखरात आरास म्हणून बसलो असतो. त्या रात्री मी चेन पुसली आणि तिला शिव्या दिल्या नाहीत.

हे मेव्हण्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी पस्तीसच्या वर जातच नाही, मला कशाला एबीएस?" आणि खरंच जात नाही. त्याच्या मागे एसटीसुद्धा हॉर्न मारून थकते.

त्या एबीएसनेही सप्टेंबरात नाटक केलं. चावी लावल्यावर लागणारा पिवळा दिवा गाडी चालू लागली की विझायला हवा, तो विझेना. सर्व्हिस सेंटरला नेली (कुठल्या ते राहू दे). त्यांनी गाडी तीन तास ठेवून घेतली आणि सांगितलं, सेन्सर गेला, ३४०० लागतील, वर मजुरी. मी म्हटलं, धुऊन बघितलंत का? तो एसीत बसलेला मुलगा म्हणाला, "सर, सेन्सर धूत नाहीत." तपासणीचे २५० घेतले ते घेतलेच. घरी येऊन मेकॅनिकने पुढच्या डिस्कजवळची, सेन्सर वाचतो ती भोकांची रिंग दाखवली. निम्मी भोकं जांभ्याच्या मातीने लिंपलेली. जुना टूथब्रश, मगभर पाणी, दहा मिनिटं. शंभर मीटरवर दिवा विझला. त्याने वीस रुपये मागितले, मी पन्नास दिले. माझ्या बाबतीत ही घटना म्हणून नोंदवावी.

मेव्हण्याचं सगळं गोड आहे असंही नाही. पहिल्याच पावसात त्याच्या चाकाच्या तारा तपकिरी झाल्या, तो चुन्याच्या डबीने घासत बसतो. ट्यूबवाला टायर, म्हणून दोनदा पंक्चर, दोन्ही वेळा ढकलत. मी ट्यूबलेसमध्ये खिळा घेऊन दोन दिवस वसुली केली. आणि २२ सप्टेंबरला जीएसटी २८ चा १८ झाला! पासष्ट हजारांच्या एक्स-शोरूमवर पाच हजार धरा. पाच महिने थांबला असता तर त्याचे वाचले असते. हे मी त्याला त्याच दिवशी फोन करून सांगितलं. नंतर लक्षात आलं की नव्या स्वस्त झाल्या म्हणजे माझ्या जुनीचा भावही उतरला. ते मी त्याला सांगितलेलं नाही.

वहीत सगळं लिहिलेलं असतं, सवयच आहे. खरेदीतला फरक १८,०००. त्यातून मागचा टायर २७००, बॅटरी १४५०, ब्रेक पॅड ९००, नावावर करायचे एजंटसकट २२००, थर्ड पार्टी इन्शुरन्स जीएसटी धरून १६१२ (दीडशे सीसीच्या खाली असती तर ८४३ मध्ये झालं असतं). उरले ९१३८. दहा महिन्यांत १०,५०० किलोमीटर. माझी ४३ देते, त्याची ६६. एवढंच अंतर त्याच्या गाडीने तोडलं असतं तर पंच्याऐंशी लिटर कमी लागलं असतं, म्हणजे ८९०० रुपये. शिल्लक २३८. म्हणजे बघा, मी २३८ रुपयांनी का होईना, पुढे होतो. दोन चेनसेट ४३००, स्प्रे-ऑइल-डिझेल १४००. खड्ड्यात.

त्या एका पत्र्याच्या पेटीपायी. कंपनीला पडत असेल किती? दोनशे?

कुणी विचारलं तर मी आता पहिल्यांदा हेच विचारतो, दिवसाला किती वेळा चालू-बंद करणार आणि घर समुद्रापासून किती लांब. देवरुख-साखरप्याकडचा माणूस असेल, आंबा घाटाने कोल्हापूरला येजा असेल, तर जुनी मोठी बिनधास्त घ्या, पण एप्रिल २०१९ नंतरची. खाडीच्या, समुद्राच्या अंगाला राहणाऱ्याने आधी चेनकव्हर बघावं, मग इंजिन.

काल बायकोने सरळ विचारलं, एवढा त्रास आहे तर विकून टाका ना, मार्चमध्ये गिऱ्हाईक मिळेल. मी वही उघडली. दुसरा चेनसेट ऑक्टोबरात टाकलाय, कोरड्या दिवसांत चाललाय, अजून निम्माही झिजलेला नाही. एवढा चांगला सेट दुसऱ्याला कसा द्यायचा?