सील मागायला गेले, तर म्हणाले शाफ्ट दाखवा

पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमध्ये ऑइल सीलचं, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसून तेल आत अडवणाऱ्या रबरी कड्यांचं, एक चिंचोळं दुकान आहे. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. तिन्ही भिंतींना छतापर्यंत पत्र्याचे डबे लावलेत आणि प्रत्येकावर खडूने तीन आकडे लिहिलेत: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. मार्चपासून चार वेळा जाऊन आले.

आमच्याकडे दुसऱ्या महायुद्धातली डॉज आहे. अमेरिकन लष्कराची पाऊण टनी, डब्ल्यूसी-52. तीच गाडी विंचशिवाय, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओझं ओढणाऱ्या यंत्राशिवाय, असली की डब्ल्यूसी-51. आमच्या गाडीला पुढे ब्रॅडनची विंच आहे, गिअरबॉक्सवरच्या पीटीओतून, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर काढणाऱ्या जोडातून, लांब दांड्याने फिरणारी. वडिलांचं खेड शिवापूरला गॅरेज होतं तेव्हा हीच आमची क्रेन होती. कात्रजच्या घाटात चारीत गेलेला ट्रक काढायला रात्री-अपरात्री बोलावणं यायचं आणि मी शाळेचा स्वेटर घालून हौसेने मागे बसायचे. वडील गेल्यावर गाडी सहा वर्षं शेडमध्ये पडून होती. गेल्या वर्षी हलवली, तर विंचखाली तेलाचं थारोळं.

तेव्हा दुसऱ्याच एका दुकानातून सील आणलं होतं. त्यांनी जुन्या सीलकडे नुसतं बघून नवीन काढून दिलं, वर सिलिकॉनची ट्यूब दिली, “लावा भरपूर, थेंब नाही यायचा.” तीन आठवडे नाही आला. मग पहिल्यापेक्षा जास्त आला.

या वेळी विंच पूर्ण उतरवली. वडिलांच्या हाताखाली वाढलेले फिटर काका मदतीला होते, म्हणजे खरं तर मी त्यांच्या मदतीला होते. खालचा प्लग काढला तर तेलाऐवजी ताकासारखं काहीतरी आलं. आत पाणी शिरलं होतं. ड्रमचा शाफ्ट बुशमध्ये इतका गंजून बसलेला की दोन दिवस डिझेल सोडत राहिलो. तिसऱ्या दिवशी पितळी रॉड लावून काकांनी घाव घातला तेव्हा तो करवतल्यासारखा आवाज करत सरकला. आत वर्म म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला शाफ्ट, आणि तो फिरवतो ते दात्यांचं चाक म्हणजे वर्मव्हील. ते गनमेटलचं, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचं. पुसल्यावर दाते पिवळेजर्द निघाले, झीज जवळजवळ नाही. काका म्हणाले, “बघ, तुझ्या बापाने ओढली, पण ओरबाडली नाही.”

पुढच्याच मिनिटाला त्यांचा चेहरा पडला. वर्मच्या मागच्या टोकाला, दांड्याच्या जोडावर शिअर पिन असते. ओझं झेपेनासं झालं की ती मऊ पिन आधी तुटते आणि विंच वाचते. तिथे पिनच्या जागी कडक पोलादी बोल्ट निघाला. वडिलांनीच बसवला असणार, दुसरं कोण होतं? घाटात मध्यरात्री पिना बदलत बसायला कुणाला वेळ असतो, हे मला कळतं. तरी वाईट वाटलं.

जुनी सीलं पिशवीत घालून नाना पेठेत गेले. मालक पन्नाशीचे, डोळ्यांवर चष्मा, कपाळावर दुसरा चष्मा. सील काउंटरवर ठेवलं. त्यांनी हातही लावला नाही. विचारलं, “ताई, कशातलं आहे?” विंच म्हटल्यावर: “तेल ब्रेकच्या अंगाने गळतंय की मागून?”

या एका प्रश्नासाठी मी या दुकानाला पाच तारे देते. आमच्या विंचमध्ये वर्मच्या पुढच्या टोकाला आपोआप धरणारा ब्रेक आहे. पिन तुटली तर लटकलेला ट्रक त्या ब्रेकवर राहतो. पुढचं सील गेलं की तेल थेट लायनरवर, ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरावर, आणि पकड सुटते. म्हणजे गळती नुसती जमीन खराब करत नाही. आमचा लायनर काळा, चपचपीत झालेला. आणि वर तो कडक बोल्ट.

मग म्हणाले, “शाफ्ट दाखवा.” वर्मचा शाफ्ट मी आणलाच नव्हता. सील न घेता परत पाठवलं! त्या दिवशी पार्किंगसाठी तीन फेऱ्या मारल्या होत्या, वैताग आला. पण दुसऱ्या खेपेला त्यांनी शाफ्टवरून अंगठ्याचं नख आडवं फिरवलं आणि माझंही फिरवायला लावलं. जुन्या सीलच्या ओठाने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेने, बरोब्बर गोल खाच पाडली होती, नख अडकत होतं. “इथे कुठलंही सील लावा, याच नाल्यातून गळणार.” शेजारच्या गल्लीतल्या टर्नरकडून शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्यायला सांगितलं. मागच्या टोकाची खाच बारीक होती. तिथे सील दोन मिलिमीटर आत ठोकायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर बसतो. फुकटचा उपाय.

मी महागातलं व्हायटॉन रबराचं सील मागितलं, तर दिलं नाही. ते तापणाऱ्या जागेसाठी, विंच सावकाश फिरते, साधं नायट्राइल रबर पुरे. दोन्ही सील मिळून दोनशे ऐंशी रुपये. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला आधी तेल लावा, चावीच्या खाचेवरून सरकवताना शाफ्टला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर ओठ कापतो, हे सगळं बिलाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून दिलं. तेलाबद्दलही बजावलं: 140 नंबरचं गिअर ऑइल घ्या, पण जीएल-5 दर्जाचं नको. त्यातल्या गंधकाच्या मसाल्याने गनमेटल खराब होऊ शकतं.

तक्रारीही आहेत. पॅकिंग पेपर त्यांच्याकडे जाडच मिळतो. आम्ही तोच कापून बेअरिंगच्या कव्हरखाली घातला आणि वर्म पुढेमागे खेळायला लागला, कारण तिथल्या पॅकिंगची जाडीच बेअरिंगचा लूज ठरवते. बारीक पेपर दुसरीकडून आणून पुन्हा सगळं उघडावं लागलं. हे त्यांनी विचारायला हवं होतं. सीलबाहेरच्या गोष्टीत त्यांना रस नाही. फोन उचलत नाहीत. सुटे पैसे कधीच नसतात.

नवा लायनर बसवला, मऊ पिन घातली आणि शेतात भरलेल्या ट्रॉलीला दोर बांधून ओढून पाहिली. थांबवल्यावर ट्रॉली चढावर होती तिथेच राहिली. रात्री विंचखाली पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी पुढच्या बाजूला कोरडा, मागच्या बाजूला रुपयाएवढा एक डाग. चौथ्या खेपेला तो पुठ्ठाच घेऊन गेले. मालकांनी दोन्ही चष्मे बदलून पाहिला आणि म्हणाले, “नवा ओठ आहे, महिनाभर बसू दे. नाही थांबलं तर शाफ्ट घेऊन या.”

महिना व्हायला अजून नऊ दिवस आहेत.