‘द हसलर’ की ‘द कलर ऑफ मनी’: आधी कोणता पाहावा?

पूल म्हणजे काठीने टेबलावरचे बॉल भोकांत घालायचा, बिलियर्ड्ससारखा खेळ. तो पैजा लावून खेळणारा एडी फेल्सन पॉल न्यूमनने दोनदा साकारला. १९६१ मध्ये रॉबर्ट रॉसेनच्या ‘द हसलर’मध्ये, आणि पंचवीस वर्षांनी, १९८६ मध्ये, मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘द कलर ऑफ मनी’मध्ये. दुसरा चित्रपट रंगीत आहे, त्यात टॉम क्रूझ आहे, म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. गुरू-शिष्याच्या नात्यासाठी पाहणार असाल, तर माझा आग्रह राहील की आधी ‘द हसलर’च पाहा.

दोन्हीकडे धंदा एकच. आपण किती चांगलं खेळतो ते लपवायचं, समोरच्याला दोन-चार डाव जिंकू द्यायचे, पैज वाढली की त्याला सोलून काढायचं. खेळ मात्र वेगळे आहेत आणि चित्रपटांची चाल त्यावरच ठरते. ‘द हसलर’मधल्या स्ट्रेट पूलमध्ये बॉल आणि पॉकेट (टेबलाचं भोक) आधी सांगून मारायचं, एकेक गुण साठवायचा. त्यामुळे डाव तासन्‌तास चालतात. ‘कलर ऑफ मनी’तल्या नाइन-बॉलमध्ये टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या बॉलवर आधी पांढरा बॉल आपटायचा आणि नऊ नंबरचा बॉल पॉकेटमध्ये गेला की खेळ खलास. स्कॉर्सेसीचा कॅमेराही तसाच सुसाट फिरतो.

पहिल्या चित्रपटात तरुण एडी न्यूयॉर्कच्या एम्स पूल हॉलमध्ये मिनेसोटा फॅट्स या नावाजलेल्या खेळाडूला आव्हान देतो. पंचवीस तास खेळतो, एका क्षणी अठरा हजार डॉलरांनी पुढे असतो, आणि उठत नाही. एका जागी नीट लक्ष द्या: एडी पिऊन विस्कटलेला असताना फॅट्स हात धुतो, पावडर लावतो, कोट चढवतो आणि ताजातवाना होऊन टेबलाशी येतो. फॅट्स झालेल्या जॅकी ग्लीसनने हे इतक्या शांतपणे केलंय की सामना कुठे फिरला हे वेगळं सांगावं लागत नाही.

बाजूला बसून हे सगळं पाहणारा, खेळाडूंवर पैसे लावणारा जुगारी बर्ट गॉर्डन म्हणजे जॉर्ज सी. स्कॉट. एडीकडे हुन्नर आहे, पण कस नाही, हे त्याचं निदान अगदी बरोबर आहे. त्या शिकवणीची किंमत तो जिंकलेल्या पैशांतले पंचाहत्तर टक्के लावतो. गुरू म्हणून इतका हुशार आणि माणूस म्हणून इतका निर्दय इसम मी पडद्यावर क्वचितच पाहिला. एडीला जपणारी सारा (पायपर लॉरी) आणि बर्ट यांच्यातली ओढाताण हाच चित्रपटाचा खरा गाभा आहे. तो भाग पाहताना त्रास होतो. मन हलकं करायला काहीतरी हवं असेल त्या दिवशी हा लावू नका.

‘कलर ऑफ मनी’त एडी दारूचा विक्रेता झालाय आणि व्हिन्सेंट नावाच्या पोराच्या (टॉम क्रूझ) ब्रेकचा, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्याचा, आवाज ऐकून त्याची मान वळते. आता पैसे लावणारा, वाटा घेणारा तो आहे. म्हणजे बर्टच्या खुर्चीत एडी. हे चित्रपट तोंडाने सांगत नाही, बर्टचं नावही काढत नाही, म्हणूनच पहिला पाहिलेला असावा. एडी पोराला हरायला शिकवतो आणि पोराला नेमकं तेच जमत नाही. एका पूल हॉलमध्ये व्हिन्सेंट गाण्यावर नाचत, क्यू (खेळायची काठी) गरगर फिरवत तिथल्या सर्वांत तगड्या खेळाडूला धुतो. पाहायला धमाल येते, आणि त्याच वेळी त्याहून मोठा बकरा हातचा जातो. यातले बहुतेक शॉट क्रूझने स्वतः मारलेत. व्हिन्सेंटची मैत्रीण कार्मेन (मेरी एलिझाबेथ मास्ट्रँटोनियो) या धंद्याचं गणित व्हिन्सेंटच्या कितीतरी आधी ओळखते; ती भूमिका मला क्रूझच्या भूमिकेपेक्षाही भावली.

सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर न्यूमनला या दुसऱ्या एडीसाठी मिळालं. फॉरेस्ट व्हिटेकरने साकारलेला साधाभोळा वाटणारा खेळाडू त्याच जुन्या युक्तीने एडीलाच गंडवतो, तेव्हाचा न्यूमनचा चेहरा पाहा. उस्तादाला स्वतःचीच शरम वाटते आणि ती तो लपवूही शकत नाही.

कृष्णधवल आणि सव्वादोन तासांचा संथपणा झेपत नसेल, सोबत चित्रपटांची फारशी आवड नसलेलं कोणी असेल, तर ‘कलर ऑफ मनी’ लावा. दोन तासांत संपतो आणि एकटाही समजतो. पण दोन संध्याकाळी काढता येत असतील तर १९६१ चा आधी पाहा आणि मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका. अटलांटिक सिटीच्या स्पर्धेत एडीच्या हाती एक पाकीट येतं. त्यात काय आहे ते इथे फोडत नाही, पण बर्ट गॉर्डन लक्षात असेल तर ते उघडताना एडीला काय वाटलं असेल हे तुम्हाला लगेच कळेल.