नागपूरच्या नंदनवनातला सी-सी प्लस प्लस प्रोग्रामिंगचा क्लास: ॲरेसाठी जा, कूलरसाठी नको

नाव लिहीत नाही कारण पुढे थोडं वाईटही बोलणार आहे, पण नंदनवनात राहणाऱ्यांना समजूनच जाईल. ॲरे (म्हणजे आकडे ठेवायची ओळीनं मांडलेली घरं) रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, कसा वाढवायचा एवढं एकच प्रकरण शिकायला गेलात तरी फी वसूल आहे राजेहो.

कॉलेजात शंभरचा ॲरे घ्या म्हणतात, आणि एकशेएकावा आकडा आला तर काय असं विचारलं की सिलॅबसमध्ये नाही म्हणून मोकळे. इथं सर मॅलोक या फंक्शनने मेमरीत जागा घेतात, मग रीॲलोकने ती वाढवत जातात आणि दर वेळी तिचा ॲड्रेस स्क्रीनवर छापतात. तीन-चारदा तोच ॲड्रेस येते आणि मग एकदम बदलते, पोरं चूप. बर्डीच्या मेन रोडवर बाजूला दुसऱ्याचं दुकान मांडलेलं असलं की आपल्याला गाठोडं बांधून मोकळ्या जागी जावं लागते, तसंच आहे हे म्हणे, आणि जुना ॲड्रेस ज्या पॉइंटरने (पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलने) धरून ठेवला तो आता कामाचा नाही. रीॲलोकचं उत्तर सरळ त्याच पॉइंटरमध्ये घ्यायचं नाही हेही ठासून सांगतात, कारण जागा मिळाली नाही तर नल (म्हणजे रिकामा पत्ता) परत येते, जुना ब्लॉक तसाच पडून राहते आणि त्याचा पत्ता मात्र आपल्या हातून गेला.

व्हेक्टरचा, म्हणजे सी प्लस प्लसच्या आपोआप वाढणाऱ्या ॲरेचा, दिवस तर भारीच. दोन लॅपटॉप, सेम प्रोग्राम, एकेक आकडा टाकत कपॅसिटी (किती घरं घेऊन ठेवली ते) छापायची. जी प्लस प्लस कंपायलरवर १, २, ४, ८, १६ आणि व्हिज्युअल स्टुडिओवर १, २, ३, ४, ६, ९, १३. एक पोरगा म्हणे सर हा बिघडला काय बे! (सरांना बे म्हणून गेला, सगळे हसून राहिले.) बिघडलं काहीच नाही, एक दुप्पट करते, दुसरा दीडपट, सी प्लस प्लसच्या स्टँडर्डने आकडा ठरवूनच दिला नाही. मग फळ्यावर हिशोब: हजार आकडे भरताना दर वेळी एकच घर वाढवलं आणि दर वेळी सगळं हलवावं लागलं तर ४,९९,५०० कॉप्या, एकापासून दुप्पट करत गेलं तर १,०२३. किती येणार हे आधीच माहीत असेल तर तेवढी जागा आधीच रिझर्व्ह करा, विषय संपला.

बॅचमध्ये अकाउंट्सवाले एक काका होते, एक्सेलच्या मॅक्रोवाले, त्यांनाही सरांनी टाळलं नाही. तिथं ॲरेचं माप बदलायला रीडिम केलं की जुना डेटा साफ, प्रिझर्व्ह लावलं तर राहते पण मग फक्त शेवटचं डायमेन्शन (रो-कॉलमच्या ॲरेत कॉलम) बदलता येते. काका रो वाढवून राहिले होते, म्हणून एरर.

आता तक्रार. व्हेक्टर क्लिअर केल्यावरही कपॅसिटी तशीच राहते आणि श्रिंक टू फिट (जास्तीची जागा सोडून द्या) ही नुसती विनंती असते, हे जाता जाता उरकलं, खरं तर यावर अर्धा तास पाहिजे होता. झेरॉक्स नोट्समध्ये अजून आयओस्ट्रीम डॉट एच हे जुनं हेडर छापलेलं आहे, ते आजच्या कंपायलरवर चालतच नाही, नवा पोरगा घरी जाऊन डोकं फोडून घेईल. आणि कूलर एकच, मागच्या बाकावर मे महिन्यात बसणं म्हणजे शिक्षाच.

डेमो लेक्चर फुकट असते, रीॲलोक कधी आहे ते विचारून त्याच दिवशी जा, आणि जागा पुढची धरा.