लेक कम्युनिटी कॉलेजात : वर्षभराचा अनुभव

बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मराठी घरांत "लेक कम्युनिटी कॉलेजला जाते" म्हटलं की समोरचे क्षणभर गप्प होतात, मग "हो का? छान!" म्हणतात. पहिली दोन वर्षं इथे स्वस्तात शिकायचं आणि मग मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर घ्यायची, असं हे कॉलेज. आता दुसरं सेमिस्टर संपत आलंय, म्हणून ज्यांच्याकडे हा विचार चाललाय त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी पैसे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट) ४६ डॉलर, म्हणजे १५ युनिटांचं सेमिस्टर ६९० डॉलरला पडतं. वर किरकोळ शुल्क. यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, नुसती फी वर्षाला १५ हजारांच्या आसपास, राहणं-जेवण निराळं. पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या पूर्णवेळ मुलांना बऱ्याच ठिकाणी दोन वर्षं हे ४६ डॉलरही माफ असतात. भारतातून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी मात्र हे आकडे धरू नयेत, त्यांची फी कितीतरी पट आहे.

शिकवणं उत्तम. कॅल्क्युलसच्या वर्गात तीस-पस्तीस मुलं आणि शिकवायला स्वतः प्रोफेसर. ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या वेळेला, गेलं की बाई मार्कर हिच्याच हातात देतात. गणित अडलं तरी उत्तर सांगत नाहीत, "दोन ओळी मागे जा" एवढंच. लॅबमधला हिचा जोडीदार दिवसभर नोकरी करून येणारा, दोन मुलांचा बाप. त्याच्यामुळे आमची कन्या वेळेवर जर्नल लिहायला लागली, जे मला बारा वर्षांत जमलं नव्हतं!

तक्रार आहे ती रजिस्ट्रेशनची. नव्या मुलांचा नंबर उशिरा लागतो, तोवर केमिस्ट्रीच्या लॅब भरलेल्या. मग वेटलिस्ट. पहिल्या दिवशी भिंतीला टेकून उभं राहायचं. नाव नोंदवलेलं कुणी आलं नाही, तर प्रोफेसर ॲड कोड देतात, तो टाकून वर्गात नाव घालता येतं. हिला मिळाला. मिळाला नसता तर? बायॉलॉजीवाल्यांना जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टरं, मग ऑर्गॅनिकची दोन, अशी साखळी असते. एक कडी हुकली की दोन वर्षांची अडीच-तीन होतात. स्वस्ताईचा हिशेब मांडताना हे कुणी सांगत नाही.

कोर्स निवडायला मदत करणाऱ्या कॉलेजच्या कौन्सिलरवर सगळी भिस्त ठेवू नका. आम्हाला सुचवलेला एक कोर्स हिच्या मेजरला (मुख्य विषयाला) मोजलाच जाणार नव्हता. असिस्ट डॉट ऑर्ग या वेबसाइटवर आपलं कॉलेज, पुढची युनिव्हर्सिटी आणि मेजर निवडलं की इथला कोणता कोर्स तिथल्या कशाच्या बदल्यात चालतो ते समोर येतं. ते पान आधी बघा, अपॉइंटमेंट नंतर घ्या.

टॅग, म्हणजे ट्रान्स्फरची लेखी हमी, यूसीचे सहाच कॅम्पस देतात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत. सांता बार्बरा इंजिनियरिंगला देत नाही. अर्ज सप्टेंबरात, तोही एकाच कॅम्पससाठी.

कॉलेजचं वातावरण म्हणाल तर नाही. लेक्चर संपलं की सगळे पार्किंगकडे. मैत्रिणींचे डॉर्ममधले (होस्टेलवरचे) फोटो आले की हिचा चेहरा उतरतो, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो कौन्सिलिंगचा. ज्याला नेमकं काय शिकायचं ते ठरवायला वेळ हवाय, किंवा कर्ज नकोय, त्याने इथे जरूर यावं. हट्ट फक्त बर्कलीच्या कम्प्युटर सायन्सचा असेल तर दुसरा पर्याय हाताशी ठेवूनच या. आमचं ऑर्गॅनिकचं रजिस्ट्रेशन पुढच्या आठवड्यात उघडतंय. या वेळी युनिट साठल्यामुळे नंबर जरा वर आहे.