धाराशिव जिल्ह्यातील एक खो-खो केंद्र आणि अभ्यासिका : एका पालकाचा अभिप्राय

धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर सकाळी खो-खोचा सराव आणि सायंकाळी त्याच आवारातील दोन खोल्यांत अभ्यासिका चालते. माझी मुलगी सहावीपासून तेथे जाते. आता ती नववीत आहे. या केंद्राची कोठेही जाहिरात नाही, त्यामुळे आपल्या मुलांसाठी अशी जागा शोधणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

सकाळी साडेपाच ते साडेसात सराव आणि सायंकाळी सहा ते साडेआठ अभ्यासिका असे वेळापत्रक आहे. सरावानंतर भिजवलेले हरभरे किंवा गूळ-शेंगदाणे दिले जातात. शुल्क महिन्याला 300 रुपये असून ज्यांना ते परवडत नाही त्यांच्याकडून घेतले जात नाही. मात्र कोणाचे शुल्क माफ आहे हे मुलांना कळू न देण्याची दक्षता केंद्र चालवणारे सर घेतात.

मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे मैदान आणि अभ्यास यांची जबाबदारी एकाच माणसाकडे असणे. दोन्हींची हजेरी एकाच वहीत असते, त्यामुळे पहाटे थकलेले मूल सायंकाळी वाचताना का पेंगते, किंवा परीक्षेच्या धास्तीने त्याचा खेळ कसा मंदावतो, हे सरांच्या लगेच लक्षात येते. गणिताचा स्वाध्याय अपुरा राहिला म्हणून येथे कोणाला मैदानाबाहेर बसवत नाहीत. खेळ बंद करण्याची धमकी देऊन अभ्यास करून घेण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तिने मुलाला अभ्यासाचा तिटकाराच येतो, असे माझे ठाम मत आहे. येथे राहिलेला स्वाध्याय दुसऱ्या दिवशी सर शेजारी बसून पूर्ण करून घेतात.

खो-खो शिकवण्याची त्यांची पद्धतही विचारपूर्वक आखलेली आहे. या खेळात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. त्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही. त्यामुळे केवळ वेगवान पाय असून भागत नाही. आपण पुढे जावे की बसलेल्या गड्याला खो द्यावा, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. नव्या मुलांना सर आधी वेळेवर खो द्यायला शिकवतात. सूर मारणे, खांबावर गडी टिपणे हे सारे नंतर येते. माझी मुलगी सुरुवातीला प्रत्येक गडी आपणच बाद करावा या हट्टाने धावत असे. सामन्यानंतर प्रत्येकाने आपला खो कोठे उशिरा पडला हे वहीत चार-पाच ओळींत लिहायचे, असा येथे नियम आहे. या लेखनाने तिचा खेळ सुधारलाच, शिवाय स्वतःच्या चुकीविषयी न रडता, न चिडता बोलण्याची सवय तिला लागली. अभ्यासिकेत ती आता सहावीच्या मुलांना अपूर्णांक शिकवते आणि ते काम तिला कोणी नेमून दिलेले नाही.

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आई-वडील बाहेर पडले की अनेक मुलांची शाळा आणि सराव दोन्ही तुटतात. अशी मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहावीत यासाठी सर स्वतः घरोघर जाऊन बोलतात. माझ्या दृष्टीने या केंद्राचे हे सर्वांत मोठे काम आहे.

धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांना 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीतील पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनी जिंकला. तेव्हापासून खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत असलेल्या 5 टक्के आरक्षणाची चौकशी करणारे पालक वाढले आहेत. त्या टप्प्यापर्यंत फार थोडी मुले पोहोचतात, हे सर पहिल्याच पालकसभेत स्पष्ट सांगतात आणि हा प्रामाणिकपणा मला आश्वासक वाटतो. दुसरीकडे लातूर पॅटर्नच्या ओढीने नववीतच मैदान सोडायला लावणारे पालकही आहेत. दहावीच्या मुलांसाठी येथे सराव आठवड्यातून तीन दिवस, तासभर ठेवला जातो, पण थांबवला जात नाही. माझ्या मुलीसाठीही पुढच्या वर्षी आम्ही हेच स्वीकारणार आहोत.

काही उणिवा मात्र गंभीर आहेत. मुलींना कपडे बदलण्यासाठी स्वतंत्र खोली नाही. थोड्या मोठ्या झालेल्या काही मुली याच कारणाने यायच्या बंद झाल्या, त्यामुळे ही सोय इतर कोणत्याही खर्चाआधी व्हायला हवी. मोठ्या स्पर्धा आता बहुधा मॅटवर होतात, तर येथे सारा सराव मातीवर चालतो. मॅटवर पाय वेगळा पडतो, सूर मारण्याचा अंदाज बदलतो आणि आपली मुले तेथे बिचकतात. जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा तरी मॅटवर सराव मिळावा, अशी सूचना आम्ही पालकांनी केली आहे. अभ्यासिकेत गणित आणि विज्ञानाकडे चांगले लक्ष आहे, परंतु इंग्रजी शिकवणारे कोणी नाही. प्रथमोपचाराची पेटीही बहुतेक वेळा अपुरी असते.

प्रवेश जूनमध्ये, सहावी ते आठवीच्या मुलांना मिळतो. केवळ परीक्षेतील सवलतीच्या गुणांसाठी दहावीत नाव घालू पाहणाऱ्यांना सर नम्रपणे नकार देतात. नाव नोंदवण्यापूर्वी पालकांनी एकदा पहाटे आणि एकदा सायंकाळी स्वतः जाऊन बसावे. त्याला तेथे कोणाची हरकत नसते.