बीओटी की हॅम? आयईच्या टीममध्ये जाणाऱ्यांसाठी

रस्त्याचे बीओटी (कंपनीने बांधायचा, टोल घ्यायचा, मुदतीनंतर सरकारला परत द्यायचा) आणि हॅम (खर्च सरकार काही आधी, बाकी नंतर हप्त्यांनी देतं) अशा दोन्ही प्रकल्पांच्या ऑफर हातात असतील आणि पद इंडिपेंडंट इंजिनिअरच्या (आयई, म्हणजे कामावर नजर ठेवणारा त्रयस्थ इंजिनिअर) टीममधलंच असेल, तर पगार आणि गाडी यांत एकोणीस-वीसचाच फरक निघतो. खरा फरक करारात आहे. मी दोन्हीकडे काम केलंय.

बीओटीला उगाच नावं ठेवली जातात. पुढची वीस-पंचवीस वर्षं रस्ता स्वतःलाच सांभाळायचा असल्यामुळे चांगला कन्सेशनर (रस्ता बांधणारी-चालवणारी कंपनी) डांबराच्या थरात आणि गटारांत हात आखडत नाही. कर्ज दिलेल्या बँकेचा इंजिनिअरही येऊन बघून जातो. बांधकामातलं म्हणाल, तर मला तिथेच जास्त शिकायला मिळालं.

गोची पुढे होते. लांबीच्या ७५ टक्के काम झालं की प्रोव्हिजनल सर्टिफिकेट (काम झाल्याचा तात्पुरता दाखला) मागता येतं, आणि ते निघालं की टोल सुरू. उरलेलं पंच लिस्टमध्ये, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या यादीत जातं: सर्व्हिस रोडचे तुकडे, बस-बे, गटारांवरची झाकणं. म्हणजे नेमकं गावकऱ्यांना लागणारं. आम्ही पत्र लिहायचो, उत्तर यायचं की जागा ताब्यात नाही. जागा मिळाली की पावसाळा. पावसाळा सरला की हे काम मुळात स्कोपमध्ये होतं का, यावर वाद. दंडाचं कलम होतं हो, पण वसूल कुठून करणार? टोल थेट कन्सेशनरच्या एस्क्रो (बँकेच्या देखरेखीतल्या) खात्यात, सरकारी ग्रँट बांधकामातच संपलेली, सरकारकडून येणं काही उरलेलं नाही. बँक गॅरंटीला हात लावायचं म्हटलं की फाइल वर जायची आणि वरच राहायची. मासिक अहवालात मी तीच वाक्यं तारीख बदलून पाठवत होतो आणि गावात शिव्या आम्ही खात होतो. याला कंटाळूनच मी हॅमकडे वळलो.

टोलचं राजकारण वेगळंच. २०१५ मध्ये राज्यातले १२ नाके बंद झाले, आणखी ५३ नाक्यांवर कार आणि एसटीला माफी मिळाली. असं झालं की भरपाईचे हिशेब सुरू होतात आणि दुरुस्तीचा विषय मागे पडतो.

केंद्राने २०१६ मध्ये मंजूर केलेल्या हॅममध्ये ४० टक्के रक्कम बांधकाम चालू असताना माइलस्टोनप्रमाणे, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यांप्रमाणे मिळते, बाकीची १५ वर्षं सहामाही अॅन्युइटीने (ठरलेल्या हप्त्यांनी), व्याजासकट. टोल सरकारकडे. त्यामुळे देखभालीत कुचराई झाली तर पुढच्या हप्त्यातून कापता येतं. तुटलेल्या क्रॅश बॅरियरबद्दलच्या माझ्या एका पत्राला उत्तर आलंच नाही. हप्त्याच्या आधी काम झाल्याचे फोटो मात्र आले. सगळीकडे असं घडेलच असं नाही म्हणत.

हॅममध्येही डोकेदुखी आहे. माइलस्टोन जवळ आला की सहीसाठी फोन सुरू होतात, रात्रीसुद्धा. आणि वाहनं कमी-जास्त झाल्याने कन्सेशनरचं काही बिघडत नाही, त्यामुळे करारात लिहिलंय त्यापलीकडे तो सहसा जात नाही.

नवे असाल आणि बांधकाम शिकायचं असेल, तर बीओटीवर जरूर जा. फक्त प्रोव्हिजनलच्या आधी सुटायची सोय बघा. एकाच जागी काही वर्षं काढायची असतील, तर मी हॅम म्हणेन. पण मुलाखतीतच विचारून घ्या, बांधकाम संपल्यावर टीममध्ये माणसं किती ठेवणार. हप्त्यातून कपात सुचवायची तर दर वेळी अख्ख्या लांबीची पाहणी करावी लागते, आणि ती दोघांच्याने होत नाही.